आधी खाट, मग तिकीट: आयर्लंडच्या उत्सवांना पहिल्यांदा जाताना

आयर्लंडमधल्या माझ्या पहिल्या उत्सवाची पहिली रात्र मी गाडीच्या मागच्या सीटवर काढली. जुलैचा पहिला आठवडा होता आणि क्लेअर काउंटीतलं गाव जेमतेम हजारभर वस्तीचं. संध्याकाळी साडेसहाला मी निवांत पोचलो आणि दारावर पाटी दिसली त्या घरातल्या बाईंना विचारलं, "खोली मिळेल का?" त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "पुढच्या वर्षीची हवी असेल तर नाव लिहून घेते," एवढंच म्हणाल्या. कार्यक्रमांची तिकिटं मात्र मी महिनाभर आधी काढून ठेवली होती. गंमत अशी, की त्या दौऱ्यातला सगळ्यात चांगला तास बिनतिकिटाचा निघाला. पावसापासून बचाव म्हणून एका पबात शिरलो, तर कोपऱ्यात एक आजोबा आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात फिडल वाजवत बसले होते.

तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की क्रम उलटा करा. खाट आधी, प्रवास नंतर, तिकीट सगळ्यात शेवटी. इथला उत्सव निम्म्याहून जास्त मंचाबाहेर असतो. नोकरी-शिक्षणासाठी नुकत्याच आलेल्यांना आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांना पुढचं सगळं सारखंच लागू आहे.

पायरी १: वर्षाचे चार सांधे लक्षात ठेवा

जुनं आयरिश वर्ष गुरं आणि शेतीच्या हिशेबाने चार ठिकाणी वळतं. १ फेब्रुवारीला इम्बोल्क, १ मे रोजी ब्याल्टना, १ ऑगस्टला लूनसा आणि १ नोव्हेंबरला साउइन. मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांची आयरिश भाषेतली नावं आजही हीच आहेत. ही चौकट डोक्यात असली की कुठला उत्सव कधी आणि का, हे पाठ करावं लागत नाही. ऑगस्टमध्ये जत्रा आणि बाजार जास्त, कारण ती सुगीची सुरुवात. ऑक्टोबरअखेरीस भुतंखेतं आणि आगी, कारण साउइनला जुनं वर्ष संपून काळोखाचा अर्धा भाग सुरू होतो. हॅलोविनचं मूळ तिथेच आहे.

फेब्रुवारीचा मान संत ब्रिजिडचा. लव्हाळ्याच्या काड्या विणून केलेला तिचा क्रॉस घराच्या दाराशी लावतात. २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही मिळते. क्रॉस विणायला शिकवणाऱ्या छोट्या कार्यशाळा त्या आठवड्यात वाचनालयांतून होतात. उत्सवांशी ओळख करून घ्यायला याहून स्वस्त सुरुवात नाही.

मग येतो १७ मार्च, संत पॅट्रिकचा दिवस. डब्लिनचा आत्ताच्या स्वरूपातला मोठा महोत्सव १९९६ पासूनचा, म्हणजे तसा तरुणच. माझं मत विचाराल तर डब्लिनचं संचलन एकदा बघून घ्या आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या लहान गावी जा. तिथे ट्रॅक्टर असतात, अग्निशमन दलाचा बंब असतो, हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठ्या घेतलेली शाळकरी पोरं असतात, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली अर्धी माणसं चालणाऱ्यांची नातेवाईक असतात. डब्लिनला तुम्हाला पुढच्याचं डोकं दिसेल.

सोमवारच्या सुट्ट्याही टिपून ठेवा. मे, जून आणि ऑगस्टचा पहिला सोमवार, आणि ऑक्टोबरचा शेवटचा. बरेच उत्सव शनिवार ते सोमवार अशा जोडसुट्टीच्या तीन दिवसांत बसवलेले असतात, त्यामुळे त्या शुक्रवारी दुपारनंतर डब्लिनमधून बाहेर पडणारे रस्ते तुंबतात.

पायरी २: एकच निवडा

नकाशावर आयर्लंड एवढंसं दिसतं, म्हणून लोक चार दिवसांत तीन उत्सव करायला जातात आणि बसथांब्यांचे जाणकार होऊन परततात. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा.

पारंपरिक संगीत शिकायचं किंवा जवळून ऐकायचं असेल तर जुलै-ऑगस्ट आणि क्लेअर काउंटी. नाटक, दृश्यकला, रस्त्यावरचे प्रयोग हवे असतील तर जुलैमध्ये गॉलवे, ऑगस्टमध्ये किलकेनी, सप्टेंबरअखेरीस डब्लिनचा नाट्यमहोत्सव. डब्लिनचा नाट्यमहोत्सव १९५७ पासून चालू आहे. गुराढोरांची जुनी जत्रा बघायची असेल तर ऑगस्टमध्ये किलॉर्गलिन किंवा ऑक्टोबरमध्ये बॅलिनास्लोचा घोडेबाजार. ऑपेरा असेल तर ऑक्टोबरात वेक्सफर्ड. जॅझ असेल तर ऑक्टोबरच्या सुट्टीला कॉर्क, तो १९७८ पासूनचा.

आणि चालायची हौस असेल तर जुलैचा शेवटचा रविवार. त्या दिवशी मेयो काउंटीतल्या क्रोह पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगरावर हजारो भाविक चढतात, काही जण अनवाणी. शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा आहे, तिथे काठीशिवाय जाऊ नका. वारीला गेलेल्या माणसाला तिथलं वातावरण परकं वाटणार नाही. अनोळखी माणूस हात देतो, उतरणारे चढणाऱ्यांना "थोडंच राहिलंय" असं साफ खोटं सांगतात.

सप्टेंबरमध्ये क्लेअरमधल्या लिस्डूनवार्नाला लग्नं जुळवण्याचा उत्सव भरतो. पीक निघाल्यावर हातात चार पैसे आणि मोकळा वेळ असलेले शेतकरी गंधकाच्या झऱ्यांच्या या गावी येत आणि मध्यस्थ त्यांच्यासाठी स्थळं बघत. आपल्याला यात नवल ते काय! आता तिथे मुख्यतः भर दुपारपासून नाच चालतो. नाचायला जरूर जा. जावई शोधायला गेलात तर निराश व्हाल.

पायरी ३: व्हिसा आणि न दिसणारी सीमा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यात महागडी चूक होते. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाच्या गटात, नाही. युरोपच्या सहलीचा व्हिसा आहे म्हणून डब्लिनला उतरता येईल, असं नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो.

दुसरी गोष्ट, बेटाचा ईशान्य कोपरा, म्हणजे उत्तर आयर्लंड, ब्रिटनचा भाग आहे. रस्त्याने जाताना चौकी नाही, पाटीही धड दिसत नाही. किलोमीटरऐवजी मैल दिसायला लागले की समजायचं. पण कायद्याने भारतीय नागरिकाला तिथे ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि आयर्लंडमध्ये राहण्याचं आयआरपी कार्ड खिशात असलं तरीही लागतो. "कोण बघतंय" म्हणून जाणारे असतात. बसमध्ये तपासणी होते तेव्हा त्यांच्या नोकरीच्या कागदांवरही बालंट येऊ शकतं.

म्हणजे डेरीचं हॅलोविन, पश्चिम बेलफास्टचा ऑगस्टमधला फेले अन फोबल हा लोकोत्सव, बॅलिकॅसलची ऑगस्टअखेरची लॅमस जत्रा या सगळ्यांसाठी दोन व्हिशांचा विचार करा. भारतातून येणाऱ्या पर्यटकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे. व्हिशावर तिचं नाव छापलेलं असेल तर एकाच व्हिशावर दोन्हीकडे जाता येतं. अट एवढीच, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं.

पायरी ४: खाट, मग वाट

लहान गावातल्या उत्सवासाठी चार ते सहा महिने आधी राहण्याची सोय करा. गावात जागा नसेल तर वीस-तीस किलोमीटरवरचं मोठं गाव धरा. मिलटाउन मलबेसाठी (क्लेअरमधलं संगीताचं गाव, सहाव्या पायरीत येईल) एनिस, किलॉर्गलिनसाठी किलार्नी किंवा ट्रली. मात्र मग रात्री परत कसं यायचं हे आधी ठरवा. शेवटची बस बहुतेक वेळा संगीताला रंग चढण्याच्या आधीच निघून जाते, आणि गावात टॅक्सी असते एकच, तीही लग्नाला गेलेली.

तंबू हा उत्तम पर्याय आहे. उत्सवाच्या दिवसांत शेतकरी शेत मोकळं करून देतात, क्रीडा मंडळं मैदान उघडतात. शहरांत उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने देतात. गॉलवेत मला हीच सोय परवडली. गॉलवेच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. कलामहोत्सव जुलैच्या शेवटी संपतो न संपतो तोच घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा सुरू होतो आणि खोल्यांचे भाव आणखी वर जातात. शक्यतो महोत्सवाचा पहिला आठवडा धरा.

गाडी चालवत असाल तर आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, ही जमेची बाजू. पश्चिमेकडचे गावरस्ते मात्र एका गाडीपुरते असतात आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे. समोरून गाडी आली की जो रुंद जागेजवळ असेल तो मागे जातो. स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानायला विसरू नका. तेवढ्यावरून गाव तुम्हाला जोखतं.

पायरी ५: पबातलं सेशन, आणि तिथे कसं बसायचं

या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सेशन म्हणजे टेबलाभोवती बसलेली पाच-दहा वादक मंडळी. फिडल (व्हायोलिनच ते, पण इथे तसं म्हणालात तर तुम्ही नवखे हे लगेच कळतं), लाकडी बासरी, टिन व्हिसल, बटणांचं अकॉर्डियन, मुठीत मावणारी षट्कोनी कॉन्सर्टिना, बँजो. माइक नाही, मंच नाही, आणि तोंडं एकमेकांकडे, श्रोत्यांकडे पाठ. कोणी एक जण धून उचलतो, बाकीचे ओळखून तिच्यात शिरतात. ती दोन-तीनदा वाजते, मग न थांबता दुसरी, मग तिसरी. मग सगळे थांबतात, ग्लास उचलतात आणि पाच-दहा मिनिटं गप्पा मारतात. नवखा माणूस यालाच मध्यंतर समजून उठतो आणि पुढची सगळ्यात चांगली धून हुकवतो.

आपल्या कानाला सोपं जावं म्हणून सांगतो. जिग, रील हे धुनांचे प्रकार. जिग सहा मात्रांच्या चालीत, दादऱ्याच्या जवळची. रील आठाच्या चालीत, केरव्यासारखी पळणारी. स्लिप जिग नऊची, तिथे पाय चुकतो. केरी काउंटीत पोल्का आणि स्लाइड जास्त ऐकू येतील. सगळे एकच धून एकत्र वाजवतात, पाश्चात्त्य वाद्यवृंदासारखे वेगवेगळे आवाज नसतात. त्यामुळे आपल्याला ते लवकर आपलं वाटतं. पण आलाप-तानांची वाट बघत बसू नका. धून तीच राहते, फिरते ती नक्षी. एखाद्या सुराला दिलेला झटका, मधेच घेतलेला श्वास, फिडलच्या गजाचा एक उलटा फटका. ही बैठक मैफलीपेक्षा भजनी मंडळाच्या जास्त जवळची आहे. ज्याला येतं तो वाजवतो, ज्याला येत नाही तो ऐकतो, आणि मंडळ स्वतःसाठीच जमलेलं असतं.

आता रीती. वादकांच्या गोलातली रिकामी खुर्ची रिकामी नसते. कोणीतरी सिगारेट ओढायला बाहेर गेलेलं असतं किंवा यायचं असतं. फर्माईश करू नका, आणि जगभरच्या आयरिश पबांत वाजणारी ती चार गाणी तर मागूच नका. वाजत असताना हळू बोललेलं चालतं. गाणं सुरू झालं की मात्र शब्दही नको. शॅन-नोस म्हणजे जुन्या ढंगाचं, साथीशिवायचं गाणं. ते सुरू होताना कोणीतरी "श्श" करतं आणि बारवाला ग्लास पुसायचा थांबतो. कधी शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेऊन हळूहळू फिरवत राहतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मोबाइल खिशात ठेवून दिला. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर गप्पांच्या वेळात विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

स्वतःचं वाद्य नेलंत तर आधी कोपऱ्यात बसून ऐका. कोण पुढाकार घेतोय हे दहा मिनिटांत कळतं, त्याला विचारा. तालवाद्याची खोड असणाऱ्यांना विशेष सूचना. इथला बाउरॉन, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, एका सेशनमध्ये एकच पुरे असतो. बाउरॉन वाजवायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे धारदार चाकू, असा इथला जुना विनोद आहे. तेव्हा ढोलकी आणि तबला निदान पहिल्या दिवशी घरी ठेवा. दाद द्यायची तर सेट, म्हणजे सलग वाजलेल्या धुना, संपल्यावर टाळी, किंवा बारवर जाऊन "त्या टेबलावर काय चाललंय ते एक-दोन द्या" म्हणून पैसे भरणं. तुम्ही स्वतः पीत नसाल तर अडत नाही. चहा, सोडा किंवा बिनअल्कोहोलची बिअर मागितल्यावर आता कोणी भुवया उंचावत नाही.

एक शब्दही शिकून घ्या, क्रॅक. "इथे क्रॅक चांगलं आहे" म्हणजे मजा, गप्पा, वातावरण. नशेच्या क्रॅकशी त्याचा संबंध नाही, पोलिसात जायची गरज नाही.

गप्पांत "कुठून आलात" हा प्रश्न येणारच. महाराष्ट्र म्हटल्यावर समोरचा गोंधळला तर माजी पंतप्रधान लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, एवढं सांगा. पुढचा अर्धा तास राजकारणावर जातो, त्याला माझा इलाज नाही.

पायरी ६: मिलटाउन मलबे आणि फ्ला

संगीतासाठी माझी पहिली शिफारस मिलटाउन मलबेचीच. विली क्लॅन्सी हे तिथले सुतार आणि इलन पाइप्सचे वादक जानेवारी १९७३ मध्ये, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या नावाने पारंपरिक संगीताची उन्हाळी शाळा भरली, आणि तेव्हापासून ती जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू होते. लोक तिला नुसतं विली वीक म्हणतात.

इलन पाइप्स स्कॉटिश बॅगपाइपपेक्षा वेगळे. तोंडाने फुंकायचे नसतात. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली पिशवी, आणि वादक बसून वाजवतो. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग कुठे पायपर होतो, अशी म्हण आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वीणेसारख्या आयरिश हार्पचा क्रमांक २०१९ मध्ये लागला.

सोमवार ते शनिवार सकाळी वर्ग असतात, शाळेच्या खोल्यांत, सभागृहांत, लोकांच्या घरांतही. नावनोंदणी आधी करा. शिकवणं कानाने चालतं. गुरू एक तुकडा वाजवतो, वर्ग परत वाजवतो. नोटेशन वाचता येत नाही म्हणून लाजू नका, त्याने उलट फायदाच होतो. काहीच येत नसेल तर टिन व्हिसल घ्या, डी पट्टीतली. पंधरा युरोंच्या आत चांगली मिळते आणि शनिवारपर्यंत दोन धुना नक्की बसतात. दुपारी व्याख्यानं, संध्याकाळी वादनाचे कार्यक्रम, रात्री केली, म्हणजे सामुदायिक नाच. क्लेअरचा नाच म्हणजे चार जोड्यांचा चौकोन करून नाचायचा कॅलेडोनियन सेट. सकाळच्या नाचाच्या वर्गाला दोन दिवस बसल्याशिवाय रात्री मध्ये शिरू नका. एक माणूस चुकला की उरलेले सात एकमेकांवर आदळतात. (हा अनुभव आहे.) दुपारी कंटाळा आला तर स्पॅनिश पॉइंटचा किनारा जवळ आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराची जहाजं या किनाऱ्याला फुटली, त्यावरून हे नाव पडलं.

दुसरा मोठा उत्सव फ्ला क्योल ना हेरन, म्हणजे 'आयर्लंडची संगीताची मेजवानी'. लोक नुसतं 'द फ्ला' म्हणतात. १९५१ मध्ये मलिंगारला तो पहिल्यांदा भरला. त्या काळी पारंपरिक वादकांना शहरात फारशी किंमत नव्हती, आणि ही कला आपल्याबरोबरच जाईल या धास्तीने काही पायपर मंडळी एकत्र आली. त्यातून कोल्तस ही संस्था उभी राहिली. ती आजही फ्ला भरवते. आता ऑगस्टच्या त्या आठवड्यात काही लाखांची गर्दी लोटते. आधी काउंटी, मग प्रांत, मग अखिल आयर्लंड अशा चाळणीतून वादक येतात. न्यू यॉर्क आणि लंडनची आयरिश पोरंही असतात.

फ्ला दर एक-दोन वर्षांनी गाव बदलतो. २०२२ आणि २०२३ ला मलिंगार, २०२४ आणि २०२५ ला वेक्सफर्ड होतं. २०२६ साठी बेलफास्टची निवड झाली. म्हणजे तिसरी पायरी पुन्हा वाचा.

फ्लामध्ये मोठ्या मंचाच्या मागे धावू नका. सकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात चालणाऱ्या बारा वर्षांखालच्यांच्या स्पर्धेला जाऊन बसा. परीक्षक टेबलाशी, आया श्वास रोखून, आणि खुर्चीवर पाय न टेकणारं पोर एखादी संथ धून अशी वाजवतं की खोलीत कोणी हलत नाही. मग बाहेर या. तीच मुलं फुटपाथवर फिडलची पेटी उघडी टाकून पैसे गोळा करत असतात.

पायरी ७: बोकडराजा आणि ऑपेरा

केरीतल्या किलॉर्गलिनचा पक फेअर दर वर्षी १०, ११, १२ ऑगस्टलाच असतो, वार कुठलाही असो. डोंगरातून एक रानबोकड पकडून आणतात, शाळकरी मुलीच्या हस्ते त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतात आणि उंच मचाणावर त्याला राजा म्हणून मिरवतात. मग तीन दिवसांनी तो परत डोंगरात. सतराव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं सैन्य येत असल्याचं एका बोकडाने गावाला कळवलं, अशी दंतकथा सांगतात. कागदावर मात्र १६१३ ची सनद आहे, म्हणजे जत्रा क्रॉमवेलच्या आधीची. प्राणिप्रेमींच्या आक्षेपांनंतर बोकडाला मचाणावर ठेवण्याची वेळ आता कमी केली आहे, आणि ते बरंच झालं. पहिल्या दिवशी घोडेबाजार, दुसऱ्या दिवशी गुरांचा. सौदा ठरला की तळहातावर थुंकून हातावर हात मारतात, ते बघायला सकाळी लवकर जा. त्या तीन रात्री पबांना पहाटे ३ पर्यंत परवानगी असते. मुलाबाळांसह असाल तर दुपारी येऊन संध्याकाळी निघालेलं बरं.

वेक्सफर्डचा ऑपेरा महोत्सवही १९५१ चाच. फ्ला जन्मला त्याच वर्षी, टॉम वॉल्श नावाच्या तिथल्या डॉक्टरने तो सुरू केला. इथला पायंडा असा, की जगात क्वचितच सादर होणाऱ्या, विसरल्या गेलेल्या रचना निवडायच्या. नवखा माणूस आणि जाणकार दोघंही सारखेच अनभिज्ञ असतात, हे मला फार आवडतं. संध्याकाळी लोक नटूनथटून येतात, पण तुमच्या साध्या जॅकेटला कोणी हटकत नाही. मोठी तिकिटं महाग आहेत. दिवसाचे छोटे प्रयोग आणि दुपारची गायनं बरीच स्वस्त. डब्लिनहून थेट रेल्वे जाते.

गॉलवेचा कलामहोत्सव १९७८ पासूनचा. दोन-तीन नाटकांची तिकिटं काढा, बाकीचा वेळ चालत फिरा. दृश्यकलेची प्रदर्शनं बरीचशी मोफत असतात. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात कालवांचा उत्सव असतो, १९५४ पासूनचा. कोकणातल्या माणसाला कच्चं कालव लिंबू पिळून खाताना दोन मिनिटं विचार करावा लागेल.

पायरी ८: पोट, पाऊस, पोरं

गावातल्या पबचं स्वयंपाकघर साधारण रात्री ९ ला बंद होतं, आणि उत्सवात त्याच्याही आधी संपतं. सातपर्यंत जेवून घ्या. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड ही हक्काची जोडी, पण सूप चिकनच्या पाण्यात केलंय का हे विचारा. बटाट्याचे चिप्सही काही दुकानांत बीफच्या चरबीत तळतात. तेही विचारा, कोणी रागावत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा नेतो.

छत्री नको. अटलांटिकचा वारा पहिल्या वळणावर ती उलटी करतो. टोपीचं जलरोधक जॅकेट, जादा मोजे, आणि तंबूत राहणार असाल तर रबरी बूट. जुलैत पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दमल्याचं उशिरा लक्षात येतं.

मुलांना पबात नेता येतं, पालकांबरोबर, रात्री ९ पर्यंत. मे ते सप्टेंबर १० पर्यंत. तरुण दिसत असाल तर वयाचा पुरावा जवळ ठेवा. कार्ड सगळीकडे चालतं, पण रस्त्यावर वाजवणाऱ्यांसाठी आणि शेतातल्या तंबूच्या भाड्यासाठी रोख लागते.

आणि उन्हाळा हुकलाच तर

२६ डिसेंबरला केरीतल्या डिंगलला जा. तो रेन पक्ष्याचा दिवस. पूर्वी पोरं या चिमुकल्या पक्ष्याची शिकार करून काठीला बांधून दारोदार फिरत. आता पक्षी मारत नाहीत. पेंढ्याचे पोशाख आणि मुखवटे घातलेली टोळकी बासऱ्या-ढोल वाजवत, लाकडी घोडा नाचवत गावभर हिंडतात आणि चांगल्या कामासाठी पैसे गोळा करतात. कार्यक्रमपत्रिका नाही, तिकीट नाही. २५ ला देशभर बस आणि रेल्वे बंद असतात आणि २६ लाही फारसं काही धावत नाही, म्हणून २४ लाच पोचा. खोली अर्थातच त्याच्याही खूप आधी. कोट जुना घाला, कारण गर्दीत पेंढा चिकटतो, आणि सुटी नाणी वरच्या खिशात ठेवा. लाकडी घोडा जबडा वाजवत अंगावर येतो तेव्हा पाकीट शोधायला वेळ मिळत नाही.